बेदाण्याचा रेसिड्यू (औषधाच्या अंशाचा) रिपोर्ट दर वेळी वेगळा येतो, रिकव्हरी मात्र पास होते: कुठे शोधायचं?

फेब्रुवारी संपत आला की आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावरचे ताज्या द्राक्षांचे डबे कमी होतात आणि बेदाण्याच्या पिशव्या वाढतात. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरजेचा पूर्व भाग, जत, अगदी पलीकडे जुनोनीपर्यंतचा माल येतो. आणि दर हंगामात तीच अडचण डोकं वर काढते: एकाच लॉटचा नमुना दोनदा तपासला तर दोन आकडे.

मला ही अडचण पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लागली ती एका बागायतदार काकांमुळे. माल कोल्ड स्टोरेजला ठेवलेला, सौदा पुढच्या आठवड्यात. त्यांनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एकावर मायक्लोब्युटानिल हे बुरशीनाशक ०.०३ मिलिग्रॅम प्रति किलो, दुसऱ्यावर ०.०६. लॉट तोच, पिशवीही तीच. दोन्ही रिपोर्ट आम्हीच दिलेले. "ताई, यातला खरा कुठला?" एवढंच त्यांनी विचारलं. मी दोन्ही बॅचचे कागद काढले. दोन्हींत रिकव्हरी (मुद्दाम टाकलेल्या औषधापैकी परत सापडलेला भाग) ७० ते १२० टक्क्यांच्या आत, कॅलिब्रेशन सरळ, रेणूची ओळख पटवणारा आयन रेशो ठीक. कागदावर कुठेही चूक नव्हती आणि तरी त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचे दोन हंगाम मी हे प्रकरण सोडलं नाही. जे सापडलं ते इथे लिहिते. बेदाणा, मनुका, खजूर, सुकं अंजीर असं काहीही सुकं आणि गोड तुमच्याकडे तपासायला येत असेल तर हे उपयोगी पडेल. ताज्या द्राक्षांवर बसवलेली पद्धत जशीच्या तशी बेदाण्यावर चालवत असाल, तर जास्तच.

आधी हे समजून घ्या: रिकव्हरी काय दाखवते आणि काय लपवते

आपण स्पाइक, म्हणजे रिकव्हरी बघायला मोजून टाकलेलं औषध, कधी टाकतो? नमुना वाटून, वजन करून, ट्यूबमध्ये घेतल्यावर. म्हणजे वाटण्यात झालेली चूक, वजनातली चूक, अंश सालीत मुरून बसणं, या तिन्ही गोष्टी स्पाइक पडायच्या आधीच घडून गेलेल्या असतात. त्यानंतर वरून टाकलेलं औषध लगद्याच्या पृष्ठभागावर असतं, ते अॅसिटोनायट्राइल या द्रावकात लगेच उतरतं आणि रिकव्हरी ९० टक्के दिसते. शेतात फवारलेलं औषध मात्र दाण्याबरोबर पंधरा-वीस दिवस सुकलेलं असतं, सालीच्या मेणात आणि साखरेच्या गराखाली दबलेलं असतं. त्याच्या बाबतीत ती ९० टक्के रिकव्हरी काहीच सांगत नाही.

ताज्या द्राक्षात हा फरक जाणवत नाही, कारण त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि मिक्सरमध्ये त्याचा सरळ रस होतो. बेदाण्यात पाणी उरतं १५ टक्क्यांच्या आसपास आणि साखर होते ६०-७० टक्के. सगळी भांडणं तिथून सुरू होतात.

पहिलं काम: आकडे कुठल्या पायरीवर फाटतात ते बघा

मशीन उघडू नका, लायनर बदलू नका, कॉलम कापू नका. आम्ही पहिला महिना त्यातच घालवला होता. त्याआधी एक दिवस द्या आणि शेतातला अंश असलेला एक बेदाणा नमुना घ्या. स्पाइक केलेला चालणार नाही. पूर्वी पॉझिटिव्ह आलेल्या नमुन्यातला उरलेला माल फ्रीझरमध्ये असतोच, तो वापरा.

अर्काची एकच व्हायल (छोटी बाटली) मशीनमध्ये पाच वेळा इंजेक्ट करा. मग एकाच लगद्यातून पाच वेगळी वजनं घेऊन पाच वेगळे अर्क काढा. मग त्याच किलोभर मालाचे दोन भाग करून ते दोनदा वेगवेगळे वाटा आणि प्रत्येकाचे दोन-दोन अर्क काढा. या तीन संचांतली तफावत शेजारी शेजारी लिहा. व्हायलच्या पाच इंजेक्शनमध्येच आकडे पसरत असतील तर मशीनकडे जा. व्हायल स्थिर आणि पाच वजनं पसरलेली असतील तर लगदा एकजीव झालेला नाही. वजनंही स्थिर आणि दोन वाटणांत फरक असेल तर पिशवीतून नमुना काढण्यातच गडबड आहे.

आमच्याकडे व्हायलची पाच इंजेक्शनं अगदी जवळ जवळ होती. पाच वजनं मात्र इतकी पसरली होती की मी ती पुन्हा केली. पुन्हा तेच.

हे करताना कुठला रेणू (म्हणजे कुठलं औषध) बघायचा ते जरा विचार करून निवडा. मायक्लोब्युटानिल, टेब्युकोनॅझोल असे टिकाऊ रेणू घ्या. ते वाटेत सहसा मोडत नाहीत, त्यामुळे त्यांचा आकडा हलला तर दोष वाटण्याचा किंवा वजनाचा धरता येतो. कॅप्टन या बुरशीनाशकाचा आकडा हलला तर कारणं चार असू शकतात. ते खाली येईलच.

मिक्सरच्या भांड्यात काय होतं

सुका बेदाणा तसाच मिक्सरमध्ये टाकला की पहिल्या दहा सेकंदांत तो पात्यांना चिकटतो, भांड्याच्या तळाशी एक डांबरासारखा गोळा बसतो आणि वरचे दाणे तसेच अख्खे फिरत राहतात. भांडं गरम होतं, साखर आणखी चिकट होते. मग माणूस चमच्याने वरचं थोडं, कडेचं थोडं खरवडून वजन करतो. बेदाण्याचा एक दाणा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे ५ ग्रॅममध्ये जेमतेम दहा-बारा दाणे. बाहेरच्या घडावर फवारा जास्त बसतो, पानाआड झाकलेल्या घडावर कमी. तुमच्या चमच्यात बाहेरचे सहा आले की आतले आठ, यावर रिपोर्ट ठरणार असेल तर पुढचं लाखो रुपयांचं मशीन काही करू शकत नाही.

उपाय नवा नाही. क्वेचर्स ही औषधांचे अंश काढायची आपण वापरतो ती पद्धत; तिच्या युरोपीय मानकात, ईएन १५६६२ मध्ये, सुक्या फळांसाठी तो लिहिलेलाच आहे: ५०० ग्रॅम फळाला ८५० ग्रॅम थंड पाणी घालून वाटायचं आणि त्या लगद्यातून १३.५ ग्रॅम घ्यायचं. ते ५ ग्रॅम मूळ फळाइतकं असतं. आम्ही काड्या निवडून ५०० ग्रॅम घेतो, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवतो, सकाळी ८५० ग्रॅम फ्रिजच्या पाण्यात अर्धा तास भिजवतो आणि मग वाटतो. पाण्याचा काही भाग बर्फ म्हणून घातला तरी चालतो, फक्त तो ८५० मध्ये मोजा. सलग दोन मिनिटं मिक्सर चालवू नका. वीस-वीस सेकंद चालवा, थांबा, कडा खरवडून मध्ये आणा, पुन्हा चालवा. नमुना धुवू नका. हे सांगावं लागतं, कारण एका नव्या मुलाने स्वच्छतेच्या सवयीने बेदाणा नळाखाली धरला होता.

वाटून झालं हे कसं ओळखायचं? घरात पुरण करणारीला विचारावं लागत नाही, बोटांना कळतं. लगदा पुरणयंत्रातून काढल्यासारखा सारखा हवा. आम्ही त्याचा ठिपका काचेच्या पट्टीवर पसरवून खिडकीसमोर धरतो. सालीचे तुकडे डोळ्यांना वेगळे दिसत असतील तर अजून वाटा. पहिल्या दिवशी मी ती पट्टी धरली तेव्हा तांबूस काचेवर चंद्रकोरीसारखे सालीचे तुकडे स्पष्ट दिसत होते, आणि हा लगदा आम्ही अनेक महिने एकजीव समजत होतो.

आणखी एक फसवी जागा: लगदा फ्रीझरमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी काढला की वर पाणी सुटतं आणि खाली गाळ बसतो. वजन करण्याआधी तो पुन्हा फिरवा. घाईत वरचं पातळ घेतलं की आकडा पुन्हा हलतो, आणि आदल्या दिवशीच्या चांगल्या वाटण्याचा काही उपयोग राहत नाही.

१० ग्रॅमची सवय

आता आमची सगळ्यात मोठी चूक. ताज्या द्राक्षासाठी १० ग्रॅम नमुना, १० मिली अॅसिटोनायट्राइल, ही सवय हाताला लागलेली. बेदाण्याची पद्धत बदलल्यावरही एक जण १३.५ ग्रॅम लगदा घेत होता आणि दुसरी सवयीने १० ग्रॅम. संगणकातल्या हिशेबात मात्र दोघांसाठी ५ ग्रॅम बेदाणा असंच भरलेलं होतं.

गणित करा. १० ग्रॅम लगद्यात बेदाणा असतो ३.७ ग्रॅम. तो ५ समजला की निकाल २६ टक्क्यांनी खाली येतो. खरा आकडा ०.०५ असेल तर रिपोर्टवर ०.०३७ छापला जातो. आणि स्पाइकची रिकव्हरी? ती १०० टक्केच येते. कारण स्पाइकचे नॅनोग्रॅम आपण ५ ग्रॅमच्या हिशेबाने टाकले, ते तितकेच १० मिलीत उतरले आणि ५ ग्रॅमनेच भागले गेले. ट्यूबमध्ये खरा बेदाणा किती होता, याच्याशी स्पाइकला काही देणंघेणं नाही. म्हणून ही चूक कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. काकांच्या दोन रिपोर्टमधला फरक बराचसा इथला निघाला, आणि उरलेला वाटण्याचा.

तुमच्या वर्कशीटवर लगद्याचं वजन आणि मूळ बेदाण्याचं वजन असे दोन वेगळे रकाने करा आणि दुसरा रकाना सूत्राने निघू द्या, हाताने भरू नका. आणि अर्क आता १ मिलीला १ ग्रॅम नसून अर्धा ग्रॅम आहे हे विसरू नका. ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोपर्यंत पोहोचायचं असेल तर मशीनला अर्कात ५ नॅनोग्रॅम प्रति मिली नीट दिसलं पाहिजे. ज्या रेणूला ठरवून दिलेली मर्यादा नाही, त्याला आपल्याकडे आणि युरोपातही ०.०१ हीच मर्यादा लागते, त्यामुळे इथे सूट नाही.

पाणी न घालता सुक्याच बेदाण्यावर अॅसिटोनायट्राइल ओतणारेही मी पाहिले आहेत. त्यांचं म्हणणं, पाणी घातलं तर नमुना पातळ होतो. पण ही पद्धतच पाण्यावर उभी आहे. मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ घातल्यावर पाणी आणि अॅसिटोनायट्राइल वेगळे होतात आणि औषधं वरच्या थरात जातात. पाणी नसेल तर वेगळं व्हायला काही उरत नाही, आणि साखरेच्या गोळ्याच्या आत द्रावक पोहोचतच नाही.

ब्लँक कुठला घेतलाय?

वाटणं आणि वजन सुधारल्यावर आमचे टिकाऊ रेणू शांत झाले. तरी जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) एक भूत राहिलं. काही लॉटमध्ये ठरावीक रेणूंची रिकव्हरी १३०-१४० आणि काहींत ७०, आणि पीकची वेळही किंचित सरकलेली. लॉट बदलला की चित्र बदलायचं.

याचं उत्तर प्रयोगशाळेत बसून मिळालं नसतं. नागजजवळच्या एका बेदाणा शेडवर गेले तेव्हा कळलं. क्रेटमधली द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात दोन-चार मिनिटं बुडवत होते. साधारण प्रमाण लिटरला २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिली तेल. या द्रावणाने दाण्यावरचं मेण सैल होतं आणि पाणी लवकर उडतं, म्हणूनच बेदाणा काळा न पडता हिरवट-पिवळा राहतो. मग जाळीच्या रॅकवर पसरतात. आणि नंतरच्या दिवसांतही रॅकवर तेच द्रावण पातळ करून फवारतात, कोणी दोनदा, कोणी तीनदा, हवा बघून. म्हणजे प्रत्येक शेडच्या मालावर तेलाचं प्रमाण वेगळं.

हे तेल म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट. मेदाम्लाचा एस्टर. पीएसए (अर्क साफ करायला घालतो ती पावडर) मेदाम्लं पकडतो, साखरही बऱ्यापैकी पकडतो, पण एस्टरला तो हात लावत नाही. त्यामुळे साफ केलेल्या अर्कातून हे तेल थेट जीसीत जातं. परत आल्यावर आम्ही ब्लँक (औषध नसलेला, कॅलिब्रेशनसाठी वापरायचा माल) आणि नमुना दोन्ही फुल स्कॅनवर चालवले. नमुन्यात मध्यावर एक रुंद, कलता पीक उभा होता, ३१० चा रेणुभार आणि २६४ चा तुकडा, म्हणजे इथेनॉल गळून गेलेला. शेजारी त्याचे भाऊबंद, कारण बाजारातल्या तेलात इतर मेदाम्लांचे एस्टरही असतात. आमच्या ब्लँकमध्ये यातलं काहीच नव्हतं. आम्ही ब्लँक म्हणून काय वापरत होतो? शहरातून आणलेल्या सेंद्रिय काळ्या मनुका. तेल न लावता सुकवलेल्या.

म्हणजे कॅलिब्रेशन एका पदार्थात आणि नमुना दुसऱ्याच पदार्थात. जीसीच्या इंजेक्टरमध्ये असा जड मॅट्रिक्स (औषध सोडून नमुन्यातलं बाकी सगळं) गेला की तो काचेवरच्या चिकट जागा झाकतो आणि काही औषधांचा सिग्नल वाढतो. आणि तेलाच्या मोठ्या पीकखाली दबलेल्या औषधांची वेळ सरकते. मार्गदर्शक सूचनांमधली ०.१ मिनिटाची सवलत तेवढ्यात संपते.

यावर आम्ही चार गोष्टी केल्या. पहिली, साफसफाईत मिलीला २५ मिलिग्रॅम पीएसएबरोबर तेलकट पदार्थ पकडणारी सी-१८ पावडर २५ ते ५० मिलिग्रॅम घालायला लागलो आणि साफसफाईआधी अर्क रात्रभर उणे २० अंशांवर ठेवून खाली बसलेलं वेगळं करतो. तेल पूर्ण जात नाही, पण पीक बराच खाली येतो. दुसरी, एलसीसाठी (लिक्विड क्रोमॅटोग्राफसाठी) अर्क पाचपट पातळ केला. साखरेमुळे सुरुवातीला येणारे मेथोमिल, अॅसिफेटसारखे रेणू दबत होते, ते मोकळे झाले. तिसरी, ज्या लॉटमध्ये शंका असेल तिथे स्टँडर्ड अॅडिशन: त्याच अर्काचे चार भाग, तिघांत वाढत्या मापाने औषध. वेळ लागतो, पण मर्यादेच्या काठावरच्या मालाला तो द्यायलाच हवा.

चौथी गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते: आपला ब्लँक आपण बनवला. मिरजेजवळ एका सहकारी मैत्रिणीच्या अंगणात जुन्या थॉमसन जातीच्या द्राक्षांचा मांडव आहे, तिथे कोणी फवारत नाही. त्यातले बरेचसे घड केवडा रोग घेऊन जातो, पण उरलेले चार-पाच किलो आम्ही तोडले, शेडवरचंच कार्बोनेट आणि तेल आणून त्याच प्रमाणात बुडवले आणि गच्चीवर जाळीखाली सुकवले. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो, तसाच झाला. तो आधी सगळ्या रेणूंसाठी तपासून घेतला. तो हिरवट-पिवळा ढीग ताटात बघितला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता नमुना आणि ब्लँक एकच भाषा बोलतील.

काळ्या बेदाण्याचा अर्क गडद दिसतो म्हणून त्यात ग्राफाइट कार्बन टाकायचा मोह होतो. कार्बेन्डाझिम, थायाबेन्डाझोल यांसारखे सपाट रेणू तो गिळतो. रंग गेला म्हणजे अर्क चांगला झाला असं नाही.

फक्त कॅप्टन पडत असेल तर

बाकी सगळं नीट आणि कॅप्टन, फोलपेट, क्लोरोथॅलोनिल एवढेच खाली येत असतील, तर वाटण्याकडे जाऊ नका. हे रेणू क्षारीय वातावरणात मोडतात, आणि पीएसए स्वतः क्षारीय आहे. साफ केलेला अर्क व्हायलमध्ये भरून ऑटोसॅम्पलरवर रात्रभर ठेवला की संध्याकाळचा कॅप्टन सकाळी उरत नाही. पहिल्या आणि शेवटच्या इंजेक्शनमध्ये एकच व्हायल ठेवून बघा, लगेच कळेल. उपाय साधा: पीएसएपासून अर्क वेगळा केल्याबरोबर मिलीला १० मायक्रोलिटर, अॅसिटोनायट्राइलमधलं ५ टक्के फॉर्मिक आम्ल घालायचं. पीएच ५ च्या आसपास येतो आणि रेणू टिकतात. बेदाण्यावर कार्बोनेट राहिलेलं असतं, म्हणून लगद्याचा पीएचही एकदा कागदाने बघून घ्या. द्राक्षातल्या आम्लामुळे तो आम्लधर्मीच हवा. सुरुवातीपासून बफर (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) वापरणं याच कारणासाठी.

कॅप्टन जीसीच्या गरम इंजेक्टरमध्येही मोडतो आणि त्यापासून टीएचपीआय हा दुसरा रेणू तयार होतो. युरोपच्या व्याख्येत कॅप्टन आणि टीएचपीआय यांची बेरीज कॅप्टनच्या रूपात द्यायची असते. टीएचपीआयला १.९९ ने गुणायचं, कारण रेणुभार १५१ आणि ३००.६. हे गुणणं राहिलं की अर्धाच आकडा दिसतो. निर्यातीच्या रिपोर्टवर सही करण्याआधी ते सूत्र स्वतः एकदा हाताने तपासा.

मॅग्नेशियम सल्फेटबद्दल थोडक्यात: मीठ पडताच ट्यूब लगेच जोरात हलवा, नाहीतर तळाशी दगड बसतो आणि त्यात लगदा अडकतो. पाणी आणि मॅग्नेशियम सल्फेट भेटले की ट्यूब तापते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच गरम असते, तेव्हा ट्यूब बर्फाच्या पाण्यात ठेवून काम करा. लायनरचं (इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीचं) म्हणाल तर बेदाण्याच्या बॅचमध्ये तो द्राक्षापेक्षा खूप लवकर खराब होतो. पीकची शेपटी लांबली की बदला.

या पद्धतीत जे दिसणारच नाही

काही बागायतदार विचारतात, "सगळी औषधं तपासली ना?" प्रामाणिक उत्तर: नाही. मँकोझेब आणि त्याच्या कुळातली औषधं क्वेचर्समध्ये येत नाहीत. ती आम्लात तोडून निघणाऱ्या कार्बन डायसल्फाइडवर मोजावी लागतात, आणि तो आकडा सगळ्या कुळाचा एकत्र असतो. सीसीसी म्हणजे क्लोरमेक्वाट, छाटणीनंतर काडी आखूड ठेवायला वापरतात ते, विद्युतभारित असतं. ते पाण्याच्या थरात राहतं आणि आपण तो थर फेकून देतो. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर याच रेणूपायी अडकले आणि आपल्या भागातल्या किती घरांची ती वर्षं गेली हे इथे सांगायला नको. त्यासाठी आम्लयुक्त मिथेनॉलची वेगळी पद्धत लागते. रिपोर्टवर 'आढळले नाही' लिहिताना कुठले रेणू शोधलेच नाहीत, हे यादीत दिसू द्या.

शिवाय बेदाण्यात पाणी उडतं, औषध बऱ्याचदा मागे राहतं. चारास एक या हिशेबाने ताज्या द्राक्षातला ०.०२ बेदाण्यात ०.०८ पर्यंत जाऊ शकतो. सगळेच रेणू तसे वागत नाहीत, काही उन्हात आणि सुकण्यात कमी होतात. पण ताज्या द्राक्षाचा जुना रिपोर्ट दाखवून "आमचा माल क्लीन आहे" असं म्हणणाऱ्याला हे समजावून सांगा.

आता आम्ही प्रत्येक बॅचमध्ये काय ठेवतो

स्पाइक ठेवतोच. त्याच्या जोडीला शेतातला अंश असलेला एक बेदाणा. तेव्हाच्या पॉझिटिव्ह मालाचे तीन किलो एकत्र मिसळून पाव-पाव किलोच्या पिशव्या केल्या आणि उणे २० अंशांवर ठेवल्या. प्रत्येक बॅचला एक पिशवी नव्याने वाटली जाते, नव्याने वजन होते. तिचा आकडा तक्त्यावर भरतो. वाटणं बिघडलं, कोणी १० ग्रॅम घेतले, पाण्याचं माप चुकलं, की स्पाइक गप्प राहतो आणि ही पिशवी बोलते. गेल्या हंगामात दोनदा बोलली. एकदा मिक्सरची पाती बोथट झाली होती. एकदा वजनकाट्याची पातळी सरकली होती.

काकांना मी तो नमुना पुन्हा नव्या रीतीने वाटून, तीन वजनं घेऊन तपासून दिला, पैसे न घेता, आणि पहिले दोन्ही रिपोर्ट लेखी मागे घेतले. तिन्ही वजनांचे आकडे कागदावर लिहून दाखवले. त्यांनी तिन्ही बोटाने वाचले, घडी घातली आणि खिशात ठेवली. त्या वर्षापासून ते नमुना आणताना प्रत्येक बॉक्समधून मूठ मूठ काढून, मिसळून, किलोभर आणतात आणि पिशवीवर शेडचं नाव, डिपिंगचं प्रमाण आणि रॅकवर किती वेळा फवारलं ते लिहितात. तुमच्याकडे येणाऱ्यांनाही ही तीन माहिती पिशवीवर लिहायला सांगा. ब्लँक कुठला घ्यायचा ते त्यावरूनच ठरतं.